झटकायची राहिलेली नळी

अण्णा, काल पुंडलिकनगरच्या घरातलं कपाट आवरताना काटकोन तपासायचा तुमचा गुण्या सापडला आणि त्याच्याखाली ताप बघायची काचेची नळी. गुण्या टेबलाच्या कोपऱ्याला लावून बघितला. टेबल वाकडं निघालं, गुण्या अजून काटकोनात आहे. बघून मला तुमचा रागच आला.

करमाडला तुमचं सुतारकामाचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथंच भुशात बसून अभ्यास करायचे. एकदा वहीत काटकोन काढला, तुम्ही कोनमापक ठेवून म्हणालात, "एकोणनव्वद आलाय." मी म्हटलं, "एका डिग्रीनं काय होतंय?" तुम्ही खिडकीची एक चौकट मुद्दाम तेवढीच वाकडी ठोकलीत आणि म्हणालात, "हिला झडप लाव." संध्याकाळपर्यंत मी ती झडप ढकलत होते. शेवटी रडायला लागले, तेव्हा म्हणालात, "लागली का? नाय ना? माणूस खोटं बोलंल पोरी, डिग्री नाय बोलायची." दुसऱ्या दिवशी नवी कंपासपेटी आणून दिलीत. त्या पेटीच्या जोरावरच मी पुढं डिप्लोमाला गेले.

घरात कुणाचाही ताप तुम्हीच बघणार. नळी खिडकीपाशी उजेडात धरायची, डोळे बारीक करून आकडा सांगायचा आणि लगेच हिसडा देऊन पारा खाली आणायचा. एकाचा ताप दुसऱ्याच्या नावावर नको, असं तुमचं म्हणणं.

माझ्या डिप्लोमाच्या शेवटच्या पेपरच्या सकाळी आई तीन दिवसांच्या तापात होती. तुम्ही नळी बघितलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "नव्व्याण्णव. उतरलाय. जा बिनघोर." आईनं पडल्यापडल्या माझ्या तळहातावर दही ठेवलं. उस्मानपुऱ्यातल्या केंद्रावर मी तीन तास रेषा मारत बसले. घरी आले तर कुलूप. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली, "तुझ्या मायला दवाखान्यात नेलंय गं, लई तापली व्हती." तिची चादर घ्यायला आत गेले, तर खिडकीत सकाळची नळी तशीच पडलेली. जन्मात पहिल्यांदा तुम्ही ती झटकायला विसरला होतात. पारा एकशे चारवर. थंडीचे दिवस, उन्हानं चढला म्हणायचीही सोय नव्हती. दवाखान्यात पोचले तेव्हा आई गेली होती.

एका डिग्रीसाठी मला संध्याकाळभर रडवलंत, अण्णा, आणि पाच डिग्र्या एका दमात गिळल्यात. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी भांडले असते, विसरलेही असते. तुमचा आकडा मात्र मी कधी तपासून बघत नव्हते. तुम्ही होतात तोवर रोज तुमच्या ताटात वाढलं आणि एकदाही विचारलं नाही. पोरीचा पेपर बुडू नये म्हणून केलं, असं तुम्ही म्हणाला असता, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

हा कागद गुण्याखाली ठेवून कपाट लावून घेणार आहे. पण न विचारण्याचं खरं कारण वेगळं आहे. त्या सकाळी मलाही पेपरला जायचंच होतं. दही गार होतं, अण्णा, आणि तिची बोटं मला भाजली होती.