यंदा मांडे नकोत

प्रिय दिपा,

फोनवर बोलता आलं असतं, पण तुझी आई फोनच्या आसपासच घोटाळत असते. माझा आवाज जरा उतरला की लगेच विचारते, कोण गेलं? म्हणून डाळमिलच्या गेटजवळ चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. तू घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं पुरे आहे.

गेल्या महिन्यात योगेंद्रराव जळगावला आले होते, तेव्हा त्यांनी विम्याचं फार नीट समजावलं. आजारानं किंवा अपघातानं माणसाचे हातपाय चालेनासे झाले तर दरमहा पैसे देणारा विमा असतो, तो आईंच्या नावे घ्या म्हणाले. मी हसलो. म्हटलं, जावईबापू, नोकरी मी करतो, विमा माझा काढा. तर म्हणाले, "नाना, हे घर कोणाच्या हातावर उभं आहे?" माझ्या पगारात किराणा आला, पण तुझं कॉलेज, वरची खोली, तुझं लग्न, सगळं तिच्या पुरणाच्या मांड्यांवर झालं. पाचोऱ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत लग्नघरं तिच्यासाठी खोळंबतात, आणि मी आपला शेजारी बसून चूल फुंकतो. निघताना योगेंद्रराव म्हणाले, आधीचा काही आजार असेल तर तो सांगावा लागतो आणि मग विमा मिळणं अवघड होतं. त्यांनी सरळ नियम सांगितला. मी विसरूनही गेलो, तुझी आई विसरली नाही.

दिवाळीपासून तिच्या उजव्या हाताला मुंग्या येतात. तुला सांगायचं नाही, अशी मला शपथ आहे. आज ती मोडतोय, देव बघून घेईल. आधी नुसती बोटं होती, मग हातातून पातेली पडायला लागली. मी रोज डॉक्टरांचं नाव काढतो. आधी म्हणायची, लग्नसराई उरकू द्या. आता स्पष्टच म्हणते, आधी विमा, मग डॉक्टर. एकदा आजार कागदावर चढला की विमेवाले आपल्याला दारात तरी उभं करतील का? विमा मिळाल्यावर काही महिने थांबायचं आणि मग हात दाखवायचा, असं तिनं मनाशी ठरवलंय. ही लबाडी आहे म्हटलं, तर म्हणाली, तुमची नोकरी किती राहिली ते सांगा. दिपा, अर्जावर आजार नाही असं मीच लिहून दिलं. हिशोबाचा माणूस ना मी, मलाही तिचं गणित पटलं होतं.

परवा पाचोऱ्याला लग्न होतं. तिनं पुरणाचा उंडा हातावर घेतला, मांडा कोपरापर्यंत फिरवत नेला, आणि तो मधोमध फाटला. इतक्या वर्षांत मी तिचा मांडा फाटलेला पाहिला नव्हता. बायका हसल्या, तीही हसली. दुसरा मांडा खापरावर टाकला आणि माझ्याकडे वळून, लाकडं ओली आणली म्हणून मला झापायला लागली. झापत राहिली आणि तिचा हात तसाच तापल्या खापराला टेकलेला. मला वास आला तेव्हा मी तो ओढून काढला. तिनं हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजारणीचा आहे. मग पदर ओढून म्हणाली, "काही नही व्हयनं, गप बठा." आणि पुढचा उंडा घेतला. पोरी, तिला कळलंच नव्हतं गं.

त्या रात्रीपासून माझं मन थाऱ्यावर नाही. हात वेळेत दाखवला तर बरा होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण वाट बघून तो बरा होणार नाही, एवढं कळतं. विमा जाऊ दे. योगेंद्ररावांना सांग, तो अर्ज पुढे पाठवू नका, नानांनी खोटं लिहिलंय.

आता पत्राचं खरं कारण. आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, दरवर्षी तू माहेरी येतेस, ती तुझ्यासाठी मांडे करते. यंदा तू येऊ नकोस, तिला धुळ्याला बोलाव. लेकीच्या घरी कसं राहायचं, म्हणून आधी नाही म्हणेल. पण तिची आई गेल्यापासून आखाजीला तिला कुणी बोलावलेलं नाही. तू हट्ट धर, ती गुपचूप पिशवी भरेल. आल्याबरोबर तिला दवाखान्यात ने, माझं नाव सांगितलंस तरी चालेल. आणि अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांध, तिला फार आवडतो. फक्त तिला एकटीला बसवू नकोस. दोर धरलाय असं तिला वाटेल, आणि हात सुटलेला असेल. तू तिच्या शेजारी बस आणि तिचा हात दोराला धरून ठेव.

तुझाच,
नाना