शेवट पडलेलं नाटुकलं

देऊळघाट,
भाद्रपद वद्य एकादशी,
१७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. जयमाला हीस सिंधूताईचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या महिला मंडळाचं पाकीट सोमवारी मिळालं. आत तीन नाटुकली, एक चिठ्ठी आणि अंगाऱ्याची पुडी. पुडी फुटली होती, म्हणून कागद झटकून अंगारा देवाजवळ ठेवला. तिकीट कमी लावलं होतं, पोस्टमनला वर चौदा रुपये द्यावे लागले. असू दे. तेच पाकीट उलटून हे उत्तर पाठवते आहे.

इथे सगळे खुशाल. सासूबाईंना ऐकू कमी येतं, भूक मात्र शाबूत. दीपकभाऊजी बरे असतील. तुमची प्राची आता चार वर्षांची झाली असेल. तुम्ही वडनेरला बिऱ्हाड हलवलं तेव्हा पाळण्यात होती.

आता कामाचं. भुलाबाईच्या उत्सवात शेवटच्या दिवशी तुम्हाला हे खेळ करायचे, आणि गावात तोंडावर कोणी दोष दाखवत नाही, म्हणून लिहिणारीचं नाव न घालता इकडे पाठवता हे चांगलं केलंत. आमच्या बायकांनी गठ्ठा माझ्याच हाती दिला. म्हणे, "सिंधूताई, तुमाले तं देवाच्या परसादातही खडा सापडते!"

माझी रीत सांगते. सासूबाई डाळ निवडायला बसल्या की मी समोर बसून मोठ्यानं वाचते. त्यांचा हात थांबला तर विनोद खरा.

पहिलं, आरतीत मोबाईल बघणारी सासू. घंटेऐवजी मोबाईल हलवते, तिथे हात थांबला. पण तोच विनोद पुढे चार वेळा आहे. फोडणीत मोहरी एकदाच टाकतात, तिला सांग.

दुसरं, बहिऱ्या म्हातारीचं. ते काढूनच टाका. सासूबाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मले ऐकू येत नाही म्हनून हसून राह्यली का वं?" त्या दिवशी त्या माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत.

तिसरं 'हिशेबी जाऊ'. लिहिणारीचं नाव मी विचारत नाही. चार वर्षं संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर चिठ्ठी येते, तेवढ्यावर अक्षर ओळखता येतं.

बाळंतिणीसाठी माहेरहून डिंकाचे एकावन्न लाडू येतात. थोरली जाऊ कानावर पेन्सिल लावून मोजते, भरतात एकोणपन्नास. ती ओरडते, "तुह्या मायले मोजता येत नाही का वं?" सासूबाई इतक्या हसल्या की डाळ अंगणभर झाली. "अवं सिंधू, हे तं तूच हायस!" मीही हसले. पेन्सिलीचं अगदी बरोबर उतरलंय.

पण शेवट पडलाय. उंदीर पळतो आणि पडदा. असं कसं चालेल? दोन लाडू गेले कुठे, हे कळल्याशिवाय बायका उठायच्या नाहीत. लिहिणारीला ते ठाऊकच नाही, म्हणून तिनं उंदीर आणला.

जयमाला, उंदीर नव्हता. मी खाल्ले.

तुझ्या आईचा, रुखमाबाईंचा, डबा आला तो एकादशीचा दिवस. सकाळपासून पोटात नुसतं पाणी, आणि तुपाचा वास घरभर. एक चाखून बघू म्हटलं. दुसरा कसा गेला कळलं नाही. तेवढ्यात सासूबाई आल्या, "किती हायेत वं?" तोंडातून निघालं, एकोणपन्नास. मग पुढचंही निघालं, रुखमाबाईंच्या मोजण्याबद्दल. तू बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजलीस. घरहिशेबाच्या वहीत त्या दिवशी मी लाडू एकोणपन्नासच मांडलेत. सगळ्या वह्यांत तेवढीच ओळ खोटी आहे.

तेव्हापासून एकादशीला मी पाणीही घेत नाही. लोक म्हणतात, केवढी भक्ती! उपास मोडला त्याची माफी पांडुरंगाकडे मागितली. पण अपमान तुझ्या आईचा केला, तो त्याच्या खात्यात येत नाही.

तर माझी सूचना अशी. शेवटी थोरली जाऊ बोलता बोलता ठसकते आणि तोंडातून डिंकाचा खडा पडतो. मग ती पुढे येऊन कबूल करते. ते काम दुसऱ्या कोणाला देऊ नका, नीट जमणार नाही. मी येते. रुखमाबाई तुझ्याकडेच असतात असं ऐकलं. त्यांना पुढच्या रांगेत बसव. शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडे बघून म्हणेन, ते लिहून द्यायची गरज नाही.

खेळानंतर खाऊ ओळखायला मुली माझा डबा हलवतील, तो वाजायचा नाही. एकावन्न लाडू दाबून भरलेले असतील. रुखमाबाईंनीच मोजून घ्यावेत.

येऊ की नको, एवढं उलट टपाली कळव. तिकीट पुरेसं लाव. नाहीच लावलंस तरी मी सोडवून घेईन.

तुझी,
दोन लाडवांची चोर,
सिंधूताई