सळीखालचा डाग

अण्णा, काल तुमच्या नातीनं माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा मला कम्प्युटरवर दाखवला. सुईनं काढलेला, तांदळाएवढा. पण पडद्यावर पसरला तेव्हा वाटलं, रंगपंचमीच्या गेरची मिरवणूक निघून गेल्यावरचा रस्ता. गुलाबी, जांभळा, मधेमधे कोरा. मी बघतच राहिले. माझ्या आत एवढा रंग कधी उधळला गेला, मला पत्ताच नाही.

ती अस्पतालात हेच काम करते. काचेवर तुकडा पसरताना कुठे सळ पडते, कुठे हवेचा बुडबुडा अडकतो, आणि मशीनला तो आजार वाटतो. अशा जागांवर ती खूण करते. माझ्या तुकड्यावर मशीननं एक लाल गोल काढला होता. "आई, सळ आहे गं ती. दुहेरी झालंय म्हणून गडद दिसतंय. टेन्शन नको घेऊ."

दुहेरी झालंय म्हणून गडद. एवढं ऐकलं आणि मी तुमच्या मिलमध्ये पोचले. मिलचं शेवटचं वर्ष आहे, अर्धे साचे-माग बंद. मॅट्रिकचा पेपर देऊन मी तुमचा डबा घेऊन येते, गेटवरचे चौकीदार भिया मला आत सोडतात. खिडकीतल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगताहेत, तुमच्या तपासणीच्या टेबलावरून पांढरं कापड सरकतंय, संपतच नाही. तुम्ही जेवायला बसता आणि म्हणता, "तू बघ जरा. सळ दिसली की पुढे जायचं नाही, उघडून बघायचं." संध्याकाळी कापडाच्या त्याच ठाणात तेलाचा डाग निघाला. साहेब सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "हात कच्चा आहे तुझा." महिन्याभरात मिलला कुलूप लागलं. मग शेवटपर्यंत मल्हारगंजच्या खोलीत तुम्ही चादरीवरून हात फिरवत बसायचात, जपमाळ ओढावी तसे.

काल मी पोरीला विचारलं, "सळीखाली काय आहे पण?"

"आई, तू तर इन्स्पेक्टरच झालीस," ती हसली. मग उठून डॉक्टरसाहेबांकडे गेली. आता मेणात ठेवलेल्या त्याच तुकड्याचा नवा काप घेणार आहेत. बुधवारी कळेल. गजाननापुढे दिवा लावलाय, मागितलं मात्र काही नाही.

हे पत्र पोथीत ठेवून देईन. हात कच्चा नव्हता, अण्णा. सळ मी उघडली होती, डाग दिसला होता. तुम्ही नुकता पहिला घास घेतला होता, उठवावंसं वाटलं नाही. मी सळ तशीच परत घातली.