आभार मानल्याशिवाय जेवण नाही

प्रिय ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. पाच माणसं रात्रंदिवस घरात असल्यावर आडवं पडायला जमीन शिल्लक राहत नाही.) तुझी तब्येत कशी आहे असं विचारायला हवं, पण तू "बरी आहे" एवढंच सांगणार, तेव्हा प्रश्न विचारला आणि उत्तर मिळालं असं धरून पुढे जातो. इकडे सगळे खुशाल आहेत. निदान अजून एकमेकांना ओळख देतात. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण तुझा फोन म्हणजे "बरी आहे, जेवले, ठेवते". तेवढ्यात माझं खाकरूनही होत नाही. पत्र मध्येच तोडता येत नाही (येतं, पण मला कळणार नाही). तुमच्या हॉस्पिटलात औषधं पोचवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर हे पाठवतोय. त्याला गाडी मीच शिकवली. शिकताना त्याने एक फाटक, दोन कुंड्या आणि माझा डावा आरसा निकालात काढला होता, तेव्हा पत्र चुरगळलेलं मिळालं तर नवल वाटून घेऊ नकोस.

तू साथीच्या वॉर्डातल्या ड्यूटीसाठी तिकडेच राहायला गेलीस तेव्हा जाता जाता दोन गोष्टी सांगितल्यास. दिवसाला शिस्त ठेवा, आणि रात्री जेवणाआधी प्रत्येकाने कशाचे तरी आभार माना, मन ताळ्यावर राहतं. तुला वाटलं असेल, सांगून ठेवावं, ऐकतंय कोण. पण ड्रायव्हिंग स्कूल बंद, गाडी दारात ताडपत्रीखाली, आणि शिकवायची खोड काही जाता जात नाही. त्यात आप्पा. तू गेल्यापासून आप्पांनी बोलणंच टाकलंय. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं 'हं' आणि 'उंहू' यांवर सगळा कारभार. दाढी वाढलीय. ताटातलं अर्धं तसंच राहतं. उभा जन्म वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेला हा माणूस, घरातसुद्धा साखरेची पुडी तळहातावर घेऊन "कमी आहे" म्हणायचा; आता कमीही म्हणत नाही आणि जास्तही नाही. तुझा फोन वाजला की उठून बाल्कनीच्या पडद्याआड जाऊन उभे राहतात. आई मला रोज बाजूला घेऊन म्हणते, काहीही कर, पण त्यांना बोलतं कर. म्हणून तुझं ते आभारांचं मी मनावर घेतलं. आप्पांच्या तोंडून एक धड वाक्य काढायचं, बाकी माझा काही हेतू नव्हता.

आधी शिस्त. उठणं, व्यायाम, झाडलोट, ठकीची शाळा (तुझ्या भाचीची शाळा आता माझ्या फोनमध्ये भरते, म्हणजे मला फोन नाही) या सगळ्यांच्या वेळा ठरवून मी कागद फ्रिजवर डकवला. शिस्त मोडली ती माझ्याच पायाने. इतकी वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो, हे तुला ठाऊक आहे. तो आता स्वयंपाकघरात दाबायला लागला. ही कढईत तेल ओतायला लागली की शेजारच्या स्टुलावरून माझा पाय जमिनीत आणि तोंडाने "हळू, हळू, पुढचं बघ" सुरू. तिने दोन दिवस ऐकून घेतलं. मग स्टूल बाल्कनीत गेलं आणि स्टुलावर मी.

आभारांच्या पहिल्या रात्री आईने सुरुवात केली. ती देवापासून निघाली आणि दूधवाला, विजेचा माणूस, स्वतःचे कैलासवासी भाऊ असं करत करत मोरीतल्या नळापर्यंत आली, तोवर भाजी गार झाली होती. ठकीने इंटरनेटचे आभार मानले, तेही मान वर न करता. तुझ्या भावजयीने साफ नकार दिला. ती विमा कंपनीची फोनवाली. दार लावून सकाळपासून "संपर्क साधल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार" म्हणत असते. परक्यांचे आभार मानायचा मला पगार मिळतो, घरच्यांचे फुकटात मानणार नाही, असं तिचं म्हणणं. आप्पांनी ताट जवळ ओढलं आणि हाताने 'पुढे चला' अशी खूण केली. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच.

तेव्हा मी नियम बदलला. आभार घरातल्याच माणसाचे मानायचे, आणि त्याने त्या दिवशी केलेल्या कामाबद्दलच. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. कुणाला आभार मिळाले आणि कुणाला नाही हे रोज रात्री सगळ्यांदेखत जाहीर व्हायला लागल्यावर घराचा नूरच पालटला. ठकीने आजीचे मानले की ही घुश्शात. आईचे ओळीने दोन रात्री कुणी मानले नाहीत, तर तिची कंबर धरली (मानल्याबरोबर सुटली). हिने अखेर मानायला सुरुवात केली, पण तिच्या आभारांना टाचणी टोचलेली असायची. यांनी भांडी घासली त्याबद्दल आभार, कढई कुणासाठी ठेवली ते कळलं नाही. पुढे पुढे तर कुणी बघत नसेल तर काम करायचंच नाही, अशी रीत पडली. मी मोरी घासली तर बादली आपटत घासायचो. ठकी हातात झाडू धरून स्वतःचा फोटो काढायची आणि झाडू परत जागेवर ठेवायची. सकाळचं काम रात्रीपर्यंत लोक विसरतात, हे एकदा ध्यानात आल्यावर सकाळी काम करणं सगळ्यांनीच सोडून दिलं. दिवसभर घराचा उकिरडा, आणि दिवे लागले की जो तो कामावर तुटून पडायचा.

परवा संध्याकाळी व्हायचं ते झालं. हिने फरशी पुसायला घेतली. तिच्या पुसल्या फरशीवर ठकीने झाडू घातला. आई कुंड्यांना पाणी घालायला बादली घेऊन निघाली, आणि मी बाल्कनीचा पडदा धुवायला काढून आत आलो. चौघांनाही जेवणाआधी उरकायचं होतं आणि चौघांनाही बघणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून चौघंही आप्पांच्या खुर्चीसमोरच्या टीचभर जागेत. कुणी कुणाला वाट देईना. ओल्या फरशीवर माझा पाय पडला, सवयीने मी ब्रेक दाबला, आणि ब्रेक दाबल्यावर काय होतं याबद्दल आजवर शिकवलेलं सगळं खोटं ठरलं. पडदा डोक्यावर, बादली अंगावर, आणि मी जमिनीवर. अजून बसता येत नाही. हे पत्र उभ्याने, कपाटावर कागद ठेवून लिहितोय. सगळे पोट धरून हसले. आप्पा तेवढे हसले नाहीत. आईचा फोन मांडीवर घेऊन ते आपले त्याच्याकडे बघत बसले होते.

जेवायला बसलो (मी सोडून). आईने मानले, हिने मानले, ठकीने माझ्या पडण्याचे आभार मानले, आणि पाळी आप्पांवर आली. ते हात हलवतील म्हणून आम्ही घास उचललेसुद्धा.

"मी रोज तिच्या फोनचेच मानतो. मनात," आप्पा म्हणाले. "आज फोन आला नाही. मग कशाचे मानू?"

मला हवं होतं ते धड वाक्य मिळालं. आईने न विचारता सगळ्यांना भात वाढला. मी उभ्या उभ्या विचार करत होतो की इतके दिवस आभार मानले, दूधवाल्याचे मानले, नळाचे मानले, आणि तुझं नाव एकानेही घेतलं नाही. विसरलो नव्हतो ग. तुझं नाव घेतलं की पुढचं बोलता येणार नाही, असं प्रत्येकालाच वाटत होतं. आम्हाला फार भीती वाटते, ताई. ती आम्ही झाडूने, बादलीने, जमेल तशी बाजूला सारत होतो.

काल दुपारी तुझा फोन आला. परवा तुझी ड्यूटी लांबली होती म्हणालीस. पडदा दोरीवर वाळत होता, त्यामुळे आप्पांना आडोसा उरला नव्हता. ते चौकटीला हात धरून उघड्यावर उभे राहिले आणि आईच्या कानाला लावलेल्या फोनकडे बघत तुझं जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकत राहिले. मग आत जाऊन दाढी केली. रात्री ताट स्वच्छ केलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. आईने इतक्या आनंदाने मीठ आणून दिलं की आता भाजी खाववेना.

असो. उभं राहून पाय दुखले. जिवाला जप.

तुझा,
ब्रेक निकामी झालेला भाऊ

ता. क. एवढं पाल्हाळ लावलं ते एका ओळीसाठी. रोज फोन कर. तुझ्यामागे केवढा रगाडा आहे ते माहीत आहे, म्हणून हक्काने सांगत नाही, हात जोडून सांगतो.

ता. क. २. शिस्त आणि आभार यांबद्दल वर जे लिहिलंय ते वॉर्डात पेशंटना वाचून दाखवायला हरकत नाही, फक्त कुणाला करून बघू देऊ नकोस. फ्रिजवरचा कागद हिने फाडला. आम्ही मजेत आहोत, काळजी नसावी, असं शेवटी लिहायचं होतं. पण तुला खोटं लगेच ओळखू येतं.

ता. क. ३. आप्पांनी पत्र वाचायला मागून घेतलं, आणि कागद परत आला तो खाली त्यांच्या अक्षरात हे लिहून:

पोरी, बोलायला सवड नसेल तर बोलू नकोस. दिवसातून एकदा नुसती घंटी वाजव आणि ठेवून दे. मी कुणाला उचलू देणार नाही.