तिने विचारलं म्हणून

प्रिय दादा,

प्रभूमध्ये तुला आणि वहिनीला सलाम. मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या शिलाई कारखान्यात काजं करणाऱ्या बाईचं बाळ नुकतंच गेलं. काल जेवताना तिने विचारलं, "तुझंही लेकरू गेलं ना? तू कशी सावरलीस गं?"

मी येशूचं नाव सांगितलं. मुकादम मागेच उभा होता.

"पुन्हा हे नाव काढलंस तर हाकलून देईन!"

तरी मी म्हणाले, "साहेब, तिने विचारलंय. खोटं कसं सांगू?"

त्याने मला मशीनवरून उठवून इस्त्रीच्या कामावर टाकलं. हात जरासा भाजलाय, आईला बोलू नकोस. उद्या मालकापुढे उभं करणार आहेत.

पण आज ती बाई सगळ्यांदेखत माझ्यापाशी आली. म्हणाली, "पुढचं सांग."

मी सांगितलं.

प्रार्थनेत आठवण ठेव.

तुझी धाकटी