हात लावला की आबा जातात

खैरखुटी, ता. चिखली
२४ जून २००१

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

वहिनींनी पाठवलेले मसाल्याचे पाकीट वाटेत फुटले. पोस्टमन दोन दिवस शिंकत होता. उरलेला मसाला चांगला आहे, असे त्यांना सांग.

आता खरी बातमी. आमच्या शाळेत कॉम्प्युटर येणार! शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन, त्यातली एक गळते, तरी येणार. तालुक्याच्या सभेत साहेबांनी लोकसहभाग हा शब्द इतक्यांदा उच्चारला की आमचे हेडमास्तर तुळशीराम गुरुजी तो पाठ करतच घरी आले. लगेच गावाची बैठक भरली. वर्गणीचे नाव काढताच सगळे पायाच्या नखांकडे बघू लागले, कारण वर्गणीत आपले नाव कुठे दिसते? तुला आपल्या गावाकडच्या मारुतीच्या देवळातला पंखा आठवतो ना? तीन पात्यांवर तीन भावांची नावे, आणि पंखा फिरला की एकही वाचता येत नाही म्हणून तो कुणी लावू द्यायचेच नाही. इथेही तसेच ठरले. सरपंच पुंजाजी कॉम्प्युटरचा पडदा देणार, वडील ग्यानुजी आबांच्या स्मरणार्थ. ते ऐकून माजी सरपंच शेषराव ताडकन उठले. ते मुख्य पेटी देणार, त्यांचे वडील श्रीपतराव आबा यांच्या स्मरणार्थ. बचत गटाच्या गोजरबाई म्हणाल्या, जे उरलं ते आमचं. उरला कीबोर्ड आणि माऊस.

मी हसते आहे खरी, पण मला तो हवा आहे, दादा. माझ्या चौथीत बानो आहे, गाद्या भरून देणाऱ्या सईदभाईंची मुलगी. पाढे उलटे म्हणून दाखवते. चौथीनंतर तिला उंद्रीच्या शाळेत धाडणार नाही, असे सईदभाईंनी सांगून टाकले आहे. पोरीले तिथं जाऊन काय भेटते, असे त्यांचे म्हणणे. तिने या वर्षात त्या यंत्राला एकदा तरी हात लावावा, एवढेच माझ्या मनात आहे.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, उपदेश थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझी
वच्छला


पुणे
९ जुलै २००१

चि. सौ. वच्छलास,
अ. उ. आ.

थट्टा करायची तुझी खोड सासरी जाऊनही गेली नाही. अगं, गावाला ती वस्तू आपली वाटणे हेच तर लोकसहभागाचे मर्म आहे. परवा आमच्या क्लबात मी यावर बोललो आणि खैरखुटीचे नाव घेतले. टाळ्या पडल्या. तेव्हा आता माझी लाज राख.

मुलांना रोज थोडा वेळ हात लावू दे. हात लावल्यावाचून हे यंत्र कळत नाही, हे गुरुजींनाही समजाव. उपदेश कमी केला आहे, याची नोंद घ्यावी. आशीर्वाद नेहमीचेच, त्यात कपात नाही.

तुझा
उत्तमदादा


खैरखुटी
३ सप्टेंबर २००१

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर आला आणि गेला. सविस्तर सांगते.

नावे घालायला पुंजाजींनी चिखलीहून पेंटर आणला. नाव मोठे दिसले पाहिजे, ही त्यांची ताकीद. पडद्याच्या कडेला जागा बोटभर, मधे मात्र काच केवढी ऐसपैस! पेंटरने काचेवरच, मधोमध, पांढऱ्या ऑइलपेंटने कै. ग्यानुजी पाटील यांच्या स्मरणार्थ असे लिहिले. वर दोन समया, खाली कमळ. पुंजाजी खूश होऊन त्याला जेवूनच जा म्हणाले.

पंधरा ऑगस्टला उद्घाटन होते. पेटी टेबलाखाली ठेवलेली पाहून शेषराव पेटले. आमचा बाप तुमच्या पायाशी ठेवता काऊन, म्हणाले. बरोबरच होते, पेटीवर श्रीपतराव आबांचे नाव होते. मग पेटी टेबलावर आणि पडदा तिच्यावर ठेवला, तर ग्यानुजी आबा श्रीपतराव आबांच्या डोक्यावर बसले! शेवटी दोघांना शेजारी शेजारी ठेवून बटण दाबले. कमळामागे उजेड पडला. बाकी काही दिसायला जागाच नव्हती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी ब्लेडने रंग काढू का, असे भीत भीत विचारले. आता आमच्या आबाले खरडून काढता काय, म्हणून पुंजाजी पडदा उचलून घरी घेऊन गेले. ते पाहून शेषरावांनी पेटी नेली. महालक्ष्म्यांना दोघांच्या घरी आरास पाहण्यासारखी होती. एकीकडे गौरींसमोर पडदा, दुसरीकडे पेटी, दोन्हींना हळदकुंकू. बायका देऊळघाटहून बघायला आल्या.

शाळेत टेबल उरले आहे, त्यावर गुरुजी डबा खातात. माझी बानो मला रोज विचारते, बाई, तो कधी येणार. मला तिच्याकडे बघवत नाही. तू शिकलेला आहेस, काही तरी सुचव. लोभ असू दे, आणि या वेळी उपदेशही चालेल.

तुझी
वच्छला


पुणे
१६ सप्टेंबर २००१

चि. सौ. वच्छलास,
अ. उ. आ.

तुझे पत्र मोठ्याने वाचले. वहिनीला हसू आवरेना, मला घाम फुटला. क्लबात हे कुणाला कळता कामा नये.

उपाय सोपा आहे. कॉम्प्युटर काही काळ नुसता राहिला की पडद्यावर आपोआप अक्षरे सरकत जावीत, अशी सोय त्यात असते. तिथे दोघा आबांची नावे घाल, रंगीत. मराठी अक्षरांची फ्लॉपी आणि कुठल्या कळीला कुठले अक्षर याचा तक्ता सोबत पाठवतो. चिखलीच्या कॉम्प्युटर क्लासात पुंजाजींना एकदा नेऊन दाखव. काचेवरचे मुके नाव कुठे आणि हे चालते नाव कुठे! बघ, स्वतः रॉकेल आणि ब्लेड घेऊन बसतील.

आशीर्वाद. दादाची अक्कल गावाला कळू दे.

तुझा
उत्तमदादा


खैरखुटी
९ डिसेंबर २००१

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझी अक्कल गावाला कळली.

क्लासात आबांचे नाव हिरवे होऊन सरकले तेव्हा पुंजाजींनी चप्पल काढून हात जोडले. घरी येऊन स्वतः काच खरडली. शेषराव आपणहून पेटी घेऊन आले. आता दोघे आबा एकापाठोपाठ सरकतात. पहिला कोण, यावरून वाद झाला, पण ते गोल गोल येत असल्याने मिटला. दोघे सकाळी खुर्च्या टाकून समोर बसतात. म्हाताऱ्या दर्शन घेऊन जातात.

पण दादा, हात लावला की नावे जातात, हे तू लिहिले नव्हतेस. पहिल्याच दिवशी बानोने माऊस हलवला आणि दोघे आबा नाहीसे झाले. आबा कुठी गेले बे, म्हणून पुंजाजी असे ओरडले की पोर दाराबाहेर पळाली. शाळेच्या कमिटीने त्याच दिवशी ठराव केला. गुरुजींनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली: हात लावू नये. घे, देवळातला पंखा इथेही आला.

गोजरबाई तेवढ्या शहाण्या निघाल्या. नाव सरकाले कीबोर्ड लागत नाही ना, मंग तो मले द्या, म्हणाल्या. रोज कॉम्प्युटर चालू झाला की कीबोर्ड काढून आपल्या ओसरीवर नेतात. तुझ्या तक्त्यावरून मी कळांवर अक्षरे चिकटवली आहेत. शाळा सुटल्यावर माझी चौथी तिथे बसून टाइप करते. बानोची बोटे सरसर चालतात, पण बरोबर चालतात की चूक, ते दिसायला पडदा कुठे आहे?

मला तुझा रागही येतो आणि तुझ्याशिवाय सांगायला कुणी नाही. लोभ असू दे.

तुझी
वच्छला


पुणे
२० जानेवारी २००२

चि. सौ. वच्छलास,
अ. उ. आ.

पुढच्या महिन्यात आमच्या क्लबाची मंडळी लोणारला सरोवर बघायला येत आहेत. वाटेत तुमची शाळा बघतील. मला ऑफिसातून सुटी नाही. मुले कॉम्प्युटर चालवतात, असे मी त्यांना छातीठोक सांगितले आहे. त्या एका दिवसापुरता तरी ठराव बाजूला ठेवायला सांग. दादाची लाज तुझ्या हाती, आशीर्वाद माझ्या हाती.

तुझा
उत्तमदादा


खैरखुटी
१८ फेब्रुवारी २००२

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझी मंडळी आली. फेटे बांधले, नारळ दिले. आबा सरकत होते, ते पाहून अध्यक्ष म्हणाले की हा खरा लोकसहभाग. शाळेला त्यांनी कॉम्प्युटर झाकायचे प्लास्टिकचे कव्हर भेट दिले.

मग त्यांनी विचारले, मुलांनो, कॉम्प्युटरचे काय काय शिकलात? बानोने उठून सांगितले, हात लावू नये हे शिकलो. हात लावला की आबा जातात. पाहुणे आधी हसले, मग त्यांनी पाटी वाचली. गुरुजी घाम पुसू लागले.

तेवढ्यात गोजरबाईंनी पदराखालून कीबोर्ड काढून टेबलावर ठेवला. मी तो जोडला आणि लिहायचे पान उघडले. दोघे आबा गेले. पुंजाजी उभे राहिले. बानोने त्यांच्याकडे पाहिले आणि टाइप केले: ग्यानुजी पाटील. शाळेत इतके दिवस तिला तेवढेच तर वाचायला मिळाले होते! एकही अक्षर चुकले नाही. पुंजाजी खाली बसले. शेषराव खाकरले, तेव्हा तिने श्रीपतरावही लिहिले. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

मला वाटले, सुटलो. पण पोरीने एक कळ दाबून धरली आणि दोघा आबांना एकेक अक्षर करून पुसून टाकले. मोकळ्या पानावर लिहिले: बानो सईद. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मी मात्र रडत होते, लपवत नाही. पुंजाजी उठून पडद्याजवळ गेले. मग त्यांनी तिला विचारले, आबाचं नाव पुन्हा लिहिता येते ना तुले? तिने मान हलवली. मंग खोडू दे, म्हणाले.

नवा ठराव झाला आहे. मुलांनी रोज आधी दोघा आबांची नावे टाइप करायची, मग आपले काम. तुमचेही नाव घालायचे का, असे गुरुजींनी गोजरबाईंना विचारले. त्यांचे नाव कीबोर्डच्या कडेला होते, ते पोरांच्या तळहातांनी केव्हाच पुसले आहे. घासलं तं घासलं, वापरल्यानं घासलं, म्हणाल्या. क्लबाचे कव्हर त्यांनी वाळत घातलेल्या पापडांवर टाकले आहे.

संध्याकाळी सईदभाई आले. बानोचे नाव मी तसेच ठेवले होते. दारातूनच बघत त्यांनी विचारले, हे किती दिवस राहते? म्हटले, बंद करेपर्यंत. तर म्हणाले, मंग बंद काऊन करता? मी म्हटले, तिला रोज नवे लिहिता येईल, पण इथे एप्रिलपर्यंतच. ते पायरी उतरून गेले, परत आले आणि उंद्रीची सकाळची गाडी किती वाजता असते, ते विचारून गेले.

पुढच्या वेळी मंडळी न पाठवता तू ये. लोभ आहेच, तो हात लावल्याने जात नाही.

तुझी
वच्छला