चाळीस अँपिअरचं कुबड

३ फेब्रु.
कॉइलची मोजणी आली. एसी करंट सोडला की द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या तिच्या अतिवाहक फितीत किती ऊर्जा वाया जाते, ते. माझ्या मॉडेलची रेघ आणि मोजणीची, एकीवर एक. फक्त चाळीस अँपिअरपाशी मोजणीला बारीक कुबड.
सर : "नॉइज असेल. मार्चमध्ये थिसिस टाकून दे."
एवढं गोड मला पचत नाही.

५ फेब्रु.
बसमध्ये आठवलं. ते कुबड माझं आहे. डिसेंबरात फितीच्या कडेला मॉडेलची गणिताची जाळी जाड ठेवली होती, त्या चुकीने अगदी तिथेच आलं होतं. जाळी बारीक केली, गेलं.
मग खऱ्या कॉइलला माझी चूक कोणी शिकवली?
तो डिसेंबरचा चुकलेला ग्राफ मी दोघांनाच पाठवला होता. सर आणि रावकाका.

६ फेब्रु.
मोजणी रावकाकांची. लॅबचे तंत्रज्ञ, मैलापूरचे, तंजावरी मराठी बोलणारे. चार वर्षं त्यांच्या डब्यातला दहीभात खातेय.
मूळ रीडिंग मागितली. "कॉम्प्युटरांत अस्स गे. उद्यां देतों. आधी जेव."
जेवले. कुठेतरी पाणी मुरतंय.

९ फेब्रु.
'उद्यां' अजून उजाडलेला नाही. सरांना विचारलं, तर म्हणाले, तू मॉडेलकडे बघ.

१० फेब्रु.
सापळा लावला. मॉडेलच्या ग्राफमध्ये हाताने सत्तर अँपिअरपाशी कुबड घातलं, 'सुधारित, फायनल' लिहून दोघांना मेल केला. म्हटलं, पुन्हा मोजून बघू या का.
दुपारी काकांनी लिंबाचं लोणचं आणलं, मुद्दाम माझ्यासाठी. फोड डब्याच्या झाकणावरच ठेवली.

१३ फेब्रु.
नवी मोजणी आली. कुबड सत्तरला. चाळीसचं गायब.
पकडलं. आनंद व्हायला हवा होता. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१४ फेब्रु.
काकांना कँटीनमध्ये गाठलं. दोन्ही ग्राफ समोर ठेवले. त्यांनी कॉफी बाजूला सारली.
"मीटर दिवाळीपासून बंद अस्स. सरांस सांगितलों. म्हणाले, पोरीचं गणित चुकत नाही, तेंच थोडं हलवून लाव. मार्चांत रिटायर होतों, कशास वाद?"
खरं असेल. सरांवर ढकलतही असतील. सरांना विचारलं तर ते काकांचं नाव घेतील. मीटर बंद आहे एवढं मात्र पाहून आले.

संध्या.
सरांचा मेल. पेपर पाठवूनही दिला. 'मोजणी आणि मॉडेल यांचा अप्रतिम मेळ.' त्यात सत्तरच्या कुबडाचा ग्राफ. पहिलं नाव माझं.
म्हणजे त्या पेपरातली एक रेघ काकांनी बनवली, दुसरी मी. तोंड उघडलं तर पहिला प्रश्न मलाच, हे कुबड कुठून आलं? आपलेच दात, आपलेच ओठ. भीती वाटतेय, साफ.

१५ फेब्रु.
सरांना अजून उत्तर नाही. पेपर मागे घ्या, असा मेल लिहिला, ड्राफ्टमध्ये आहे. खालच्या मजल्यावरच्या लॅबमधून मीटर उसना घेतला, सोमवारचा नायट्रोजन सांगितला. रीडिंग मी स्वतः वहीत उतरवणार.
काकांना कळलंच. दारात येऊन उभे राहिले.
"मी येऊं का? कनेक्शन तुला जमत नाही."
खरंच जमत नाही. 'या' म्हटलं. पण तारा जोडताना त्यांच्या हातावरून नजर काढणार नाही.
"डबा दोघांचा आणतों," म्हणाले.